साहेबच उतरत नाहीत, तर बाकीचे कसे उतरणार?

प्रश्न : आमच्या कार्यालयात पाचव्या मजल्याची फायर वॉर्डन, म्हणजे आग लागली तर मजला रिकामा करून घेणारी, म्हणून माझी नेमणूक झाली आहे. मॉक ड्रिलची मेल आदल्या दिवशीच येते, त्यामुळे सायरन व्हायच्या आधीच निम्मे लोक कॅंटीनमध्ये जाऊन बसलेले असतात. साहेब फोनवर बोलता बोलता "तुम्ही व्हा पुढे" अशी हाताने खूण करतात. एक सहकारी व्हीलचेअर वापरतात. त्यांना "तुम्ही बसा, ड्रिलच तर आहे" असं सांगितलं जातं. मला कुणावर आवाज चढवता येत नाही. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं व्हीलचेअरचं वाक्य मी तीनदा वाचलं. बाकीचं नंतर बघू, आधी तेच घ्या. ज्या दिवशी खरंच आग लागेल, त्या दिवशीही त्यांना "तुम्ही बसा"च ऐकावं लागेल, कारण दुसरं काही करायची कुणाला सवयच नसेल. आधी त्यांनाच विचारा. कुठे धरलेलं चालतं, कुठे दुखतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? जिन्यावरून उतरवण्याची इव्हॅक्युएशन चेअर मिळते. ती मागवून घ्या आणि आधी रिकामी, मग एखाद्या धडधाकट माणसाला बसवून उतरवून बघा. दोन जणांवर ही जबाबदारी द्या, शिवाय ते रजेवर असतील तेव्हासाठी आणखी दोघं तयार ठेवा. जिन्याजवळ आगीपासून सुरक्षित अशी थांबायची जागा असेल, तर तिथे कोण थांबलं आहे हे अग्निशमन दलाला कोण सांगणार, तेही आजच ठरवा.

आता साहेब. रिक रेस्कोर्ला हे न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या मॉर्गन स्टॅन्ली कंपनीचे सुरक्षाप्रमुख होते. 1993 मध्ये तिथे बॉम्बस्फोट झाला, तेव्हा इमारत रिकामी व्हायला काही तास लागले. त्यानंतर ते सगळ्यांकडून जिने उतरण्याचा सराव करून घेऊ लागले. मोठमोठे अधिकारी कुरकुरायचे, कामाचा वेळ जातो म्हणायचे. त्यांनाही उतरावंच लागायचं. 11 सप्टेंबर 2001 ला शेजारचा मनोरा पेटला आणि यांच्या मनोऱ्यात "जागेवरच थांबा" अशी घोषणा झाली. रेस्कोर्लांनी ती मानली नाही, भोंगा हातात घेऊन माणसं खाली काढली. त्यांच्या कंपनीचे दोन हजारांहून अधिक लोक वाचले. राहिलेल्यांना आणायला ते पुन्हा वर गेले, ते परतले नाहीत. ही हकिकत साहेबांना एकांतात सांगा आणि एवढंच मागा : पुढच्या ड्रिलला जिन्यावर पहिलं पाऊल तुमचं असू द्या. त्याला आवाज चढवावा लागत नाही.

ड्रिल न कळवता घ्यायला सांगा, असा माझा आग्रह आहे. सुरक्षा विभाग आणि अग्निशमन दलाला तेवढी आगाऊ कल्पना असावी. आणि एक जिना मुद्दाम बंद ठेवा. असं का सांगते, तर मी सेफ्टी ऑफिसर असताना आमच्या इमारतीत एका विजेच्या पॅनेलने पेट घेतला. आग लहानच होती, पण धूर पुढच्या जिन्यात भरला. तरी सगळे तिकडेच धावले, कारण रोज तिथूनच ये-जा. मागच्या जिन्याचं दार मी ढकललं, तर ते चार बोटं उघडून अडकलं. पलीकडे झेरॉक्सच्या कागदांची खोकी रचलेली. दोघांनी खांदा लावून ती सरकवली, तोवर मागे खोकण्याचे आवाज वाढत होते. आदल्याच महिन्यात आमची ड्रिल "यशस्वी" म्हणून नोंदली गेली होती, पुढच्या जिन्याने.

खाली हजेरी घेतली, तर एक जण कमी. अग्निशमन दलाचे दोन जवान मास्क लावून पुन्हा आत शिरले. तो माणूस त्या दिवशी रजेवर होता, घरी होता. रजिस्टरात कुणीतरी सवयीने टिक मारली होती. ते जवान बाहेर येईपर्यंतची मिनिटं मी कधीच विसरणार नाही. म्हणून हजेरीचा कागद त्या दिवसाचा असू द्या, पाहुणे आणि कंत्राटी सफाई कामगार धरून. असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे बाहेर सगळ्यांनी जमायच्या जागी, नाव घेऊन माणूस बघा, नुसती डोकी मोजू नका.

प्रश्न : छोटी आग दिसली तर आधी आग विझवायचा सिलिंडर उचलावा की बाहेर पळावं?

उत्तर : आधी अलार्म. मग आग कचऱ्याच्या टोपलीएवढी असेल, बाहेरचं दार तुमच्या पाठीमागे असेल आणि सिलिंडर वापरायला शिकवलेलं असेल, तरच हात घाला. पिन ओढायची, नळी ज्वाळांवर नाही तर आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबून डावी-उजवीकडे फिरवायची. हातातला छोटा सिलिंडर काही सेकंदांतच संपतो. तेवढ्यात विझली नाही, तर तिथेच टाकून निघा. विजेच्या उपकरणावर पाणी कधीच नको. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत चला. लिफ्टकडे वळू नका. बंद दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू लावून बघा, गरम लागलं तर दुसरी वाट धरा. आणि निघताना त्या खोलीचं दार ओढून घ्या, पण कडी लावू नका.