न्यू जर्सी की डॅलस? आधी मुलीचा सीझन बघ

नवऱ्याला कंपनी न्यू जर्सी किंवा डॅलसला पाठवतेय, तू नाशिकला टेनिस शिकवतेस, मुलगी खेळते आणि आता नववीत जाईल. तर कुठे बरं पडेल, असं विचारलंस. व्हिसाचं वकील सांगेल. एवढंच लक्षात ठेव की कामाची परवानगी नसताना शाळेकडून कोचिंगचा एक डॉलरही घेता येत नाही.

न्यू जर्सीत शाळांच्या टेनिसमध्ये मुलींचा सीझन फॉलमध्ये (शरदात), मुलग्यांचा स्प्रिंगमध्ये (वसंतात). निवड ऑगस्टमध्येच होते, शाळा उघडायच्या आधी. गणपती करून निघू म्हणशील तर मुलीचं ते वर्ष गेलंच. लढत पाच गुणांची असते, तीन सिंगल्स आणि दोन डबल्स. म्हणजे सात पोरी खेळणार, बाकीच्या दुय्यम संघात.

डॅलस ज्यात येतं त्या टेक्सासचा खाक्याच वेगळा. फॉलमध्ये तिथे मुलगे-मुली एकाच संघात. दोघांचे सहा-सहा सिंगल्स, तीन-तीन डबल्स आणि एक मिक्स्ड (मुलगा-मुलगी जोडी), असे एकूण 19 सामने. 10 जिंकले की झालं. स्प्रिंगमध्ये वैयक्तिक स्पर्धा. टेनिसचा तास शाळेच्या वेळापत्रकातच असतो. पण कोच बहुतेक शाळेतलेच पूर्णवेळ शिक्षक, कुणी इतिहासाचे, कुणी गणिताचे. बाहेरच्या माणसाला शिरकाव कठीण. थोडक्यात, मुलीला डॅलस बरं आणि तुला न्यू जर्सी.

न्यू जर्सीत शिक्षक नसलेल्याला कोच व्हायचं तर बदली शिक्षकाचं सर्टिफिकेट लागतं. त्यासाठी कॉलेजचे क्रेडिट (पुऱ्या केलेल्या अभ्यासाचे गुणांक) दाखवायचे, म्हणजे आपल्या पदवीचं आधी मूल्यांकन, आणि मार्कशीट विद्यापीठाकडून सीलबंद पाकिटात. मी इथे कोच व्हायला निघाले तेव्हा आमच्या विद्यापीठातला क्लार्क पाकीट चिकटवायचा, पण चिकटवलेल्या जागी शिक्का मारायचा नाही. पाकीट परत. भाऊ खेटे घालून थकला. बोटांचे ठसे, प्रथमोपचार, डोक्याला मार लागल्यावर काय करायचं याचा कोर्स, हे सगळं भराभर झालं. अडलं ते शिक्क्यावर. तू दोन-तीन सीलबंद संच बरोबर घेऊनच नीघ.

मुलीच्या शाळेचा फॉर्म भरताना विचारतील, घरी कुठली भाषा बोलता? आम्ही मराठी लिहिलं. पोरगी बालवाडीपासून इंग्रजी माध्यमातली, तरी तिची परीक्षा घेऊन तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वर्गात बसवलं. वरच्या गणिताचा तास नेमका त्याच वेळी. समुपदेशक बाई गोड हसून म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. मुलगी आता कॉलेजात आहे, तिला ते आठवतही नाही. मला त्या बाईंचं हसू अजून सलतं. तू काय लिहायचं ते तू ठरव. मी परत मराठीच लिहीन.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. महाराष्ट्र मंडळ आहे, फोन आहे. पुढे.

मला न पचलेली गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडे आपण एक खेळाडू घडवतो. इथे दुसऱ्या डबल्सचा गुण आणि पहिल्या सिंगल्सचा गुण सारखाच. शिवाय सिंगल्सच्या पोरी ताकदीच्या क्रमानेच लावायच्या, चांगली पोरगी तिसऱ्या सिंगल्सवर लपवून फुकटचा गुण घ्यायचा नाही. खऱ्या तयारीच्या मुली बाहेरच्या स्पर्धा खेळतात, कारण कॉलेजचे कोच त्या स्पर्धांतून ठरणारं रेटिंग बघतात, शाळेचा निकाल नाही. त्यातल्या बऱ्याच शाळेकडून खेळतच नाहीत. माझ्याकडे येतात त्या नववीत पहिल्यांदा रॅकेट धरलेल्या.

एकदा 2-2 असताना दुसऱ्या डबल्सच्या पोरींनी लढत काढून दिली. अख्खा संघ कुंपणाला लटकून ओरडत होता, मीही ओरडले. पण खरं सांगू, तिकडे पहिल्या सिंगल्सचा सामना चालू असला की माझे डोळे त्याच कोर्टकडे जातात, आणि डबल्सच्या पोरींना ते कळतं. पुण्यात माझ्याकडे शिकणारी एक मुलगी राज्य पातळीवर चमकायला लागली, त्याच वर्षी मी निघाले. तिचे निकाल मी अजून शोधून वाचते. नवऱ्याला हे ठाऊक नाही.

तुझी लेक सिंगल्सची की डबल्सची, ते कळव. डबल्सची असेल तर डॅलसचं पारडं जड, तिथे मिक्स्डचीही एक जागा असते.