टेम्पोचा विमा राहू द्या, बुकिंगची तारीख बघा

राजापूर तालुक्यातून एका निवृत्त वाचकांचं पत्र आलंय. डोंबिवलीचा फ्लॅट विकून ते जूनमध्ये गावच्या घरी राहायला आले. पॅकर्स-मूव्हर्सकडे बुकिंग केलं 12 जूनला. सामान पनवेलच्या गोदामात मुक्काम करून 21 जूनला भर पावसात दारात उतरलं. ताडपत्री फाटकी. गाद्या, फ्रिज, पुस्तकांचे खोके, सागवानी कपाट सगळं भिजलं. वडिलांची हार्मोनियमही. लाकूड असं फुगलंय की पट्टी दाबली की खालीच राहते, भात्याच्या घड्या सुटल्यात. नुकसान त्यांच्या हिशेबाने 1,40,000 रुपये. भाडं 18,000, आणि वर 'इन्शुरन्स' म्हणून 2,00,000 किमतीवर 3 टक्के, म्हणजे 6,000. पॉलिसीचा कागद मात्र कधीच हातात आला नाही. मालक आधी म्हणाला गणपतीनंतर बघू, मग म्हणाला दिवाळी होऊ दे. आता म्हणतोय 5,000 घ्या आणि विषय मिटवा. प्रश्न असा : "टेम्पोला फुल इन्शुरन्स आहे, मी वेगळे पैसेही भरलेत, तर विमा कंपनीवर केस करता येईल का?"

या पावसाळ्यातलं असं हे चौथं पत्र. चौघांनीही विमा कंपनीचंच विचारलंय, आणि चौघांनीही तारीख कुठेतरी शेवटी, जाता जाता लिहिलीय.

टेम्पोच्या विम्याचं थोडक्यात सांगतो. 'फुल' म्हणजे गाडीचं नुकसान आणि तिसऱ्या व्यक्तीची भरपाई. हौद्यातला तुमचा माल त्यात येत नाही. मालासाठी वेगळी ट्रान्झिट पॉलिसी लागते आणि ती निघाल्याचं तुमच्याकडे काहीच नाही.

आता तारीख. 'कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, 2007' चं कलम 16 काढा. माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराला आधी लेखी नोटीस मिळालेली असली पाहिजे, तीही बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत. नाहीतर त्याच्यावर दावाच काय, कुठलीच कायदेशीर कार्यवाही करता येत नाही. 1865 च्या जुन्या कायद्यात नुकसान तुम्हाला कळल्यापासून सहा महिने मिळायचे. नव्या कायद्यात घड्याळ बुकिंगलाच सुरू होतं. तुम्ही पत्रात "21 जूनपासून मोजलं तर 18 डिसेंबरपर्यंत वेळ आहे" असं लिहिलंय. नाही. 12 जूनपासून मोजा : 9 डिसेंबर. तुमचं सामान पनवेलला जे नऊ दिवस पडून होतं, ते तुमच्या खात्यातून गेले.

आज 28 नोव्हेंबर. नोटीस 9 तारखेला पोस्टात टाकून भागणार नाही, ती तोवर त्याच्या हातात पडलेली हवी. दिवस ढकलू नका, लगेच स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. बिल्टीवर, म्हणजे माल घेतल्याच्या वाहतूकदाराच्या पावतीवर, छापलेल्या पत्त्यावर एक, बुकिंग घेणाऱ्या ऑफिसला दुसरी, आणि तीच ईमेलवरही. मजकूर लांबवू नका. बिल्टीचा नंबर, बुकिंगची तारीख, भिजलेल्या वस्तूंची यादी आणि प्रत्येकीची किंमत, एकूण मागणी, आणि 'कलम 16 खालील नोटीस' हे शब्द. वकील मिळेपर्यंत थांबू नका, स्वतःच्या सहीने चालते.

तुम्ही 23 जूनला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि "सगळं सामान भिजलंय" असं पाठवलंत, मालकाने ते वाचलं आणि हात जोडल्याची खूण पाठवली. हीच लेखी नोटीस, असा युक्तिवाद करता येईल. मी तो करेनही. पण पोस्टाचे चार पैसे वाचवायला त्यावर विसंबू नका. आणि पाच महिने फोनवर जे बोलणं झालं, त्याचा या कलमापुरता उपयोग शून्य. "गणपतीनंतर" हा शब्द आपल्याकडे गवंड्यापासून तहसील कचेरीपर्यंत सगळे वापरतात. त्याने मुदत थांबत नाही.

मालक तीन गोष्टी म्हणेल. पहिली, बिल्टीच्या मागे 'ओनर्स रिस्क', म्हणजे जोखीम माल देणाऱ्याची, असं छापलंय. त्या छापील ओळीने त्याची सगळी जबाबदारी धुऊन निघत नाही. त्याचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करायचा नसतो, हे कायद्याने तुमच्या बाजूने ठेवलंय. दुसरी, पाऊस म्हणजे दैवी आपत्ती. कलम 17 मध्ये दैवी आपत्तीची सूट आहे खरी, पण नीट काळजी घेऊन नुकसान टळलं असतं तर ती मिळत नाही. कोकणात जूनमध्ये पाऊस पडला हे आश्चर्य कोणत्या न्यायाधीशाला पटवणार? परशुराम घाटात गाडी अडली असेलही, ताडपत्री तर पनवेललाच बदलता आली असती.

तिसरी गोष्ट खरी अडचणीची. तुम्ही पडवीत उभं राहून 'माल सुस्थितीत मिळाला' वर सही केलीत. का? ड्रायव्हर घाई करत होता, असं तुम्ही लिहिता. घाई त्याला होती, तुम्हाला नव्हती. त्याच कागदावर 'भिजलेला' एवढा एक शब्द लिहिला असता तर हे अर्धं पत्र वाचलं असतं. आता त्या रात्रीचे फोटो, फोनमधली वेळ आणि शेजाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र यांवर ही सही खोडावी लागेल. पुस्तकांचे खोके तुम्ही स्वतः भरले होते, तेवढ्यापुरता 'पॅकिंग तुमचंच' हा बचाव त्याला मिळू शकतो.

त्या 6,000 बद्दल. वाहतूकदाराची जबाबदारी नियमाने भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, म्हणजे तुमच्या बाबतीत 1,80,000. तुमची मागणी त्याच्या आत आहे, तेव्हा ही मर्यादा तुम्हाला आड येऊ नये. तरीही नोटिशीत लिहा : किंमत जाहीर केली, त्यावर जादा दर घेतला. कायद्यात जादा जोखमीचा दर घेऊन जादा जबाबदारी पत्करण्याची सोय आहे. हे 3 टक्के तेच होते, असं म्हणता येतं. कोर्ट मानेलच, असं लिहून देत नाही. त्याने खरंच पॉलिसी काढली असेल तर प्रत मागा. पण आशा धरू नका. वापरलेल्या घरसामानाच्या पॉलिसीला बऱ्याचदा 'बी' क्लॉज असतो, म्हणजे ठरावीक धोक्यांपुरतंच संरक्षण. त्यात आग, वीज, टक्कर, गाडी उलटणं, पूल कोसळणं एवढंच. पावसाने भिजणं त्यात नाही.

पैसे आले नाहीत तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. बिल्टीवर 'सर्व वाद ठाणे न्यायालयात' असं छापलंय त्याने घाबरू नका, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या ठिकाणी तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं, आणि एवढ्या रकमेला फी नाही. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल. मी ते वाचतो तेव्हा दरवेळी हसू येतं. तुम्ही पुढच्या आंब्याचा नाही, त्याच्या पुढच्याचा हिशेब धरा. म्हणून मालक नोटीस बघून 80-90 हजारांवर आला तर विचार करा.

भाचा ड्रायव्हरशेजारी बसून आला, असं तुम्ही सहज लिहिलंय. मालाच्या मालकाला किंवा त्याच्या माणसाला गाडीत इजा झाली तर मोटार वाहन कायद्याच्या 1994 च्या दुरुस्तीनंतर गाडीच्या विम्यात धरतात. वर सामानावर बसलेल्या पोराटोरांचं काय, त्यावर कोर्टात वाद घालत बसावं लागतं. पुढच्या खेपेला बसवू नका.

आणि ती हार्मोनियम भंगारात देऊ नका. रत्नागिरीत दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा, त्याच्या लेटरहेडवर 'पाण्याने खराब' आणि खर्चाचा आकडा लिहून घ्या, मग निकालापर्यंत माळ्यावर ठेवा. कपाटाचंही तेच, दारं काढून जाळायला देऊ नका.