तुमच्या पत्रातलं एक वाक्य

प्रिय 'चौथा मजला',

सहीच्या जागी तुम्ही एवढंच लिहिलंय, म्हणून त्याच नावाने हाक मारते. बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते.

गेले कित्येक महिने रात्री मुलगी झोपली की तुम्ही फोन हातात घेता आणि युद्धाचे व्हिडिओ बघत बसता. दीड-दोन वाजतात. सकाळी अंग उचलत नाही. समोरच्या रस्त्यावर खोदकाम चाललंय, त्या ड्रिलने डोकं उठतं, सिग्नलला मागच्याने हॉर्न दाबला की रडू येतं, आणि घरी आल्यावर सगळा राग लेकीवर निघतो. तिच्या आठव्या वाढदिवसाला फुगे फुगवताना तुमच्या मनात आलं, हिच्याच वयाची मुलं तिकडे ढिगाऱ्याखाली आहेत आणि आपण हे काय करतोय! त्यातच सोसायटीच्या ग्रुपवर, जिथे एरवी टँकर आणि पार्किंगवरून वाजत असतं, सहाव्या मजल्यावरच्या काकांनी एक व्हिडिओ टाकला. रात्रीचा समुद्र, आकाशातून येणारे आगीचे लोळ, पेटलेली बोट. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'बघा, आणि आपण इथे पार्किंगवरून भांडतोय.' तुम्ही शोध घेतलात, तो व्हिडिओ कॉम्प्युटर गेममधला निघाला. तसं तुम्ही ग्रुपवर लिहिलंत आणि खाली आणखी एक ओळ जोडलीत, 'वय वाढलं म्हणून अक्कल वाढतेच असं नाही.' हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. दहा मिनिटांत काका ग्रुप सोडून गेले. त्याला आता सात आठवडे झाले. सकाळी ते आणि काकू तुमच्याच वेळेला लिफ्टने उतरतात, म्हणून तुम्ही जिन्याने जाता.

तुम्ही विचारता, 'मी खोटं काहीच बोलले नाही. मग अपराधी मलाच का वाटतं? आणि माफी मागितली तर खोटं पसरवण्याला मान दिल्यासारखं होणार नाही का?'

व्हिडिओच्या बाबतीत तुम्ही शंभर टक्के बरोबर होतात. 'आर्मा ३' नावाच्या एका गेममधली दृश्यं इतक्या वेळा खऱ्या युद्धाची म्हणून फिरली, की शेवटी 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तो गेम बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीलाच निवेदन काढावं लागलं. असे व्हिडिओ ओळखायचे कसे, हेही त्यांनी सांगितलं होतं. चित्र अस्पष्ट असतं, कॅमेरा हलत असतो, बहुतेक वेळा रात्र असते, आवाज नसतो आणि चालती-फिरती माणसं जवळजवळ दिसतच नाहीत. तुम्ही नेमकं हेच हेरलंत. ही नजर सोडू नका. ग्रुपवर असं एखादं माणूस असणं ही सगळ्यांच्याच भल्याची गोष्ट आहे.

पण तुमच्या संदेशात दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत माहिती होती, दुसरीत काकांचा पाणउतारा होता. लोकांनी पहिली वाचली आणि हसले दुसऱ्या ओळीवर. तुम्हाला जे टोचतंय ते त्या दुसऱ्या ओळीचं टोचणं आहे. माफी तेवढ्याचीच मागायची आहे. 'व्हिडिओ खोटा होता, ते मी आजही म्हणेन. पण तुमच्या वयावरून, तुमच्या अकलेवरून बोलले ते चुकलं.' एवढं म्हटल्याने कुठल्याही खोट्याला मान मिळत नाही.

आता मला ज्यासाठी हे उत्तर लिहावंसं वाटलं, त्या गोष्टीकडे येते. तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, काकांच्या तक्रारी सांगता सांगता, तुम्ही एक वाक्य लिहून गेला आहात. 'त्यांचा धाकटा बोटीवर असतो, त्यामुळे जगातलं सगळं यांनाच कळतं असा त्यांचा समज आहे.' आणि लगेच तुम्ही पार्किंगवर गेलात.

मी त्या वाक्यापाशी थांबले. तुम्हीही थांबा. काकांनी टाकलेल्या व्हिडिओत काय होतं ते आठवा. बोट होती. पेटलेली.

2023 च्या नोव्हेंबरपासून तांबडा समुद्र आणि एडनचं आखात इथून जाणाऱ्या मालवाहू बोटींवर येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी गाझातल्या युद्धावरून हल्ले सुरू केले. 'गॅलॅक्सी लीडर' नावाची बोट 19 नोव्हेंबरला पकडली गेली. तिच्यावरचे 25 खलाशी युक्रेन, बल्गेरिया, फिलिपिन्स, मेक्सिको, रोमानियाचे. त्या युद्धाशी यातल्या एकाचाही संबंध नव्हता. ते सुटले 2025 च्या जानेवारीत, चौदा महिन्यांनी. 2024 च्या 6 मार्चला 'ट्रू कॉन्फिडन्स'वर क्षेपणास्त्र पडलं, तीन खलाशी गेले. उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने वाचवलं. एकवीस जण होते, त्यात एक भारतीय. बऱ्याच कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, म्हणजे दहा-बारा दिवस जास्तीचे. घरी आईवडिलांना मात्र एवढंच कळतं की मुलाचा फोन लागत नाहीये.

बोटीवरच्या माणसाचं घर कसं असतं, ते मी लहानपणी पाहिलंय. इराण-इराक युद्धाच्या काळात, 1980 ते 88 मध्ये, इराणच्या आखातात तेलाच्या टँकरवर हल्ले व्हायचे. त्या वर्षांत चारशेहून जास्त खलाशी मेले. माझा थोरला मामा तेव्हा टँकरवर होता. पत्र यायला महिना-दीड महिना लागायचा. पत्रात 'मी मजेत आहे' असायचं, पण ते दीड महिन्यापूर्वीचं मजेत. मामी रेडिओ स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची आणि बातम्यांच्या वेळी आवाज पूर्ण मोठा करायची, कारण हातातलं काम थांबवून शेजारी बसायचा तिला धीर व्हायचा नाही. हात कणकेत आणि कान खिडकीकडे. आखात हा शब्द आला की तिचे हात थांबायचे. बातमी दुसरीकडे वळली की पुन्हा मळायला लागायची. शेजारच्या एका बाईंनी एकदा तावातावाने येऊन सांगितलं, 'अहो, मुलांच्या परीक्षा आहेत, किती मोठा लावता तो रेडिओ!' मामीने काही न बोलता आवाज कमी केला. मग ती खिडकीला कान लावून उभी राहिली. त्या बाई वाईट नव्हत्या. आमच्या घरात बोट आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, इतकंच.

हल्ली पत्राची वाट बघावी लागत नाही. बोट कुठे आहे ते फोनवर नकाशात ठिपक्यासारखं दिसतं. पण धोक्याच्या पट्ट्यातून जाताना काही बोटी आपली जागा सांगणारं यंत्र बंद ठेवतात, आणि मग तो ठिपका नकाशावरून नाहीसा होतो. ठिपका नाही आणि फोनही लागत नाही, अशी रात्र बापाने कशी काढायची? तो जागाच राहील. हाताला येईल तो व्हिडिओ बघेल. आणि कुठल्याशा गेममधली पेटलेली बोट समोर आली तर ती खरी का खोटी हे तपासण्याइतकं त्याचं मन जागेवर असेल का?

काकांच्या बाबतीत अगदी असंच झालं असेल, असं मी ठामपणे म्हणत नाही. कदाचित मुलगा सध्या घरी सुट्टीवर असेल. कदाचित त्याची बोट भलत्याच समुद्रात असेल. पण ते तुम्हाला माहीत नाही, आणि दोन मजल्यांच्या अंतरावर राहून माहीत नाही, हे मला फार लागलं. तुम्ही रात्री दीडपर्यंत जागून परक्या देशातल्या अनोळखी आयांसाठी रडता. ते रडणं खरं आहे, त्याबद्दल मला तीळभर शंका नाही. पण ज्यांच्या घरापर्यंत हे युद्ध खरोखर पोचलं असू शकेल, अशी तुमच्या ओळखीची माणसं सकाळी आठ वाजता लिफ्टमध्ये असतात आणि तुम्ही जिन्याने जाता.

रात्रीच्या त्या व्हिडिओंबद्दलही सांगते. 2013 मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी चार हजारांहून जास्त लोकांना प्रश्न विचारले. स्फोटानंतरच्या आठवड्यात जे रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या आणि चित्रं बघत होते, त्यांच्या मनावरचा ताण स्फोटाच्या जागी हजर असलेल्यांपेक्षाही जास्त निघाला. म्हणजे नुसतं बघून बघूनही माणूस आजारी पडू शकतो. त्यात त्या फोनच्या पडद्याला तळच नाही. खाली सरकवत राहा, नवं येतच राहतं. ही सोय 2006 मध्ये ज्यांनी काढली त्या अझा रास्किन यांनीच पुढे तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तेव्हा थांबता येत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका, पण थांबा. युद्धाची बातमी दिवसातून एकदा, संध्याकाळी, वाचा. बघू नका, वाचा. व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा आणि उठायला साधं घड्याळ आणा. पंधरा दिवस नीट झोप झाली की ड्रिल आणि हॉर्न तेवढेच वाजतील, पण रडू येणार नाही. आणि लेकीला एकदा सांगून टाका की आईची झोप होत नव्हती, तुझं काही चुकलं नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीला हे व्यवस्थित कळतं.

वाढदिवसाचं म्हणाल तर, युक्रेनमधल्या खारकीव्ह शहरात 2023 च्या सप्टेंबरपासून मुलांच्या शाळा भुयारी रेल्वेच्या स्थानकांत भरू लागल्या. वर शहरावर हल्ले चालू आणि खाली स्थानकात बाकं मांडून वर्ग. ज्यांच्या डोक्यावर युद्ध आहे ती माणसंसुद्धा मुलांचा रोजचा दिवस वाचवायला एवढी धडपडतात. मग तुम्ही फुगे लावलेत म्हणून कोणाशी बेइमानी झाली? पुढच्या वर्षी मोकळ्या मनाने लावा. वाटलं तर त्याच दिवशी रेड क्रॉससारख्या संस्थेला जमेल ती रक्कम पाठवा. फक्त ग्रुपवर आलेल्या लिंकवरून नको, संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून.

राजकारणावरून तुमचं आणि काकांचं पटणार नाही, हे तुमच्या पत्रावरूनच दिसतंय. चूक कोणाची, आपल्या सरकारने काय बोलायला हवं होतं, यावर तुम्ही दोघं दोन टोकांना आहात. असू दे. तुमचं मत सोडा असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला युद्धाबद्दल गप्प बसणारी माणसं आवडत नाहीत. पण हे बोलणं समोरासमोर करा, जिथे बोलताना समोरच्याचा चेहरा दिसतो. आणि यापुढे खोटा व्हिडिओ दिसला की आधी त्या माणसाला खासगीत कळवा, 'हा जुना आहे, काढून टाकता का?' बहुतेक जण काढतात. नाहीच काढला तर ग्रुपवर लिहा, फक्त माहितीची ओळ. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या डोक्यावर दोन बाण दिसले की समजायचं, हा खूप हातांतून फिरून आलाय. 2020 पासून असा संदेश एका वेळी एकाच जागी पुढे पाठवता येतो. ही खूण काकांनाही दाखवा. पण लगेच नको, ओळख पुन्हा जमल्यावर.

आता करायचं काय? ग्रुपवर माफीचा संदेश टाकून मोकळं व्हायचं, असा विचार तुमच्या पत्रात डोकावलाय. तो लिहायलाच हवा, कारण अपमान चारचौघांत झाला होता. पण काका आता त्या ग्रुपवर नाहीत, म्हणजे नुसतं तिथे लिहिलंत तर माफी इतरांना मिळेल आणि त्यांना नाही. म्हणून आधी वर जा. रविवारी सकाळी, काकू घरी असतील अशा वेळी. सोबत मुलीला ढाल म्हणून नेऊ नका, एकट्या जा. माफीच्या त्या वाक्यापलीकडे व्हिडिओचा विषय तुम्ही वाढवू नका. त्यांनी वाढवला तर ऐकून घ्या. ते चिडतील, कदाचित दारातूनच बोलतील. सात आठवडे साठलंय, थोडं बाहेर पडणारच. दार उघडलंच नाही तर चार ओळींची चिठ्ठी हाताने लिहून आत सरकवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जा. ग्रुपवरचा संदेश त्या दिवशी संध्याकाळी टाका, काकांना आधी सांगून.

आणि दार उघडलं, माफी मागून झाली, काकू पाणी आणायला आत गेल्या की काकांना विचारा, धाकट्याची बोट सध्या कुठे आहे?

तुमची,
ताई