एनक्लेक्सचा सराव करताना
एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्समध्ये, म्हणजे अमेरिकेत नर्सिंगचा परवाना मिळवण्यासाठीच्या परीक्षेत, एकाच रुग्णाच्या प्रकरणावर सलग सहा प्रश्न येतात, त्यामुळे तुम्ही सरावही तसाच करावा. समजा, शस्त्रक्रियेनंतर चार तासांनी रुग्णाची नाडी ८८ वरून ११८ वर गेली, वरचा रक्तदाब १२४ वरून ९६ वर उतरला आणि तो अस्वस्थ आहे. अशा वेळी वेदनाशामकाचा पर्याय मोहात पाडतो, परंतु हे आकडे एकत्र वाचले तर आधी रक्तस्रावाची शंका यायला हवी आणि ड्रेसिंगबरोबरच रुग्णाच्या पाठीखालची चादरही तपासायला हवी. वॉर्डात डॉक्टरांच्या ऑर्डरची वाट पाहण्याची आपली सवय इथे नडते, मलाही नडली. उत्तर चुकल्यास योग्य पर्याय पाठ करण्याऐवजी कोणती खूण नजरेतून सुटली, ते वहीत लिहून ठेवावे.