आपला संघ कोणता?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

ताई, आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर तीन आठवडे ड्रेनेज तुंबलंय. प्रभागात नगरसेवक चार. पहिल्यांकडे गेलो तर म्हणाले, ‘तुमची गल्ली दुसऱ्यांकडे आहे.’ दुसऱ्यांनी तिसऱ्यांचं नाव सांगितलं. मग आम्ही चार-चार मतं दिली कशाला?
एक वाचक, वारजे

चौघंही तुमचेच आहेत, हे आधी पक्कं धरा. अ, ब, क, ड ही अक्षरं जागांची आहेत, गल्ल्यांची नाहीत. प्रभाग अख्खा चौघांचा. ‘ही गल्ली याची, ती त्याची’ ही वाटणी त्यांनी आपापसात केलेली असते, तिला कायद्याचा आधार नाही.

चार सदस्यांचा प्रभाग मला पहिल्यापासून पटलेला नाही. 15 जानेवारीला मतदानाच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. एक बटण दाबून त्या निघाल्याच. केंद्राध्यक्षांनी हाक मारली, ‘आजी, अजून तीन राहिलीत.’ आजी तिथंच थबकल्या आणि म्हणाल्या, ‘मी तर एकालाच ओळखते हो.’ परत आत जाऊन त्यांनी काय दाबलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण ज्याला आपण ओळखतच नाही, त्याला उद्या जाब तरी कुठल्या तोंडानं विचारायचा?

2007 साली पुण्यात एका प्रभागाला एकच नगरसेवक होता. 2012 ला दोन झाले, 2017 ला चार, आणि आता 41 प्रभागांत 165. मुंबईत मात्र अजूनही एका वॉर्डाला एकच. त्यात मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं आपल्याकडे नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. इतकी वाट पाहून निवडून दिलेला माणूस दुसऱ्याच्या दारात पाठवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तूर्त असं करा. अर्ज एकच लिहा, वर चौघांची नावं घाला, क्षेत्रीय कार्यालयात देऊन शिक्क्याची पोच घ्या. त्या पोचेचा फोटो चौघांना एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. वेगवेगळा पाठवू नका. एकानं काय उत्तर दिलं ते उरलेल्या तिघांनाही दिसलं पाहिजे.

ताई, घरात वाद चाललाय. मी म्हणतो, रणजीमध्ये पुणेकरानं महाराष्ट्राच्या बाजूनं असावं. मुलगा मुंबईच्या बाजूनं. म्हणतो, ‘बाबा, मुंबईनं 42 वेळा जिंकलीय, महाराष्ट्रानं काय केलंय?’ तुम्ही इतकी वर्षं स्कोअरिंग केलंत, तुम्हीच सांगा.
एक वाचक, सिंहगड रोड

मुलाचा आकडा बरोबर आहे. आपल्या राज्याचे रणजीत तीन संघ: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुंबईचा दबदबा सगळ्यांना माहीत आहे, विदर्भानंही 2017-18 पासून तीनदा करंडक नेला. महाराष्ट्रानं नेला तो दोनदाच, 1939-40 आणि 1940-41 ला. दोन्ही वेळा कप्तान दि. ब. देवधर, आपल्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक. वय पन्नाशीला टेकलेलं. ज्यांच्या नावानं देवधर करंडक खेळला जायचा, ते हेच.

आता मुलाला जवळ बसवून पुढची गोष्ट सांगा. डिसेंबर 1948, पूना क्लबचं मैदान. काठेवाडचा संघ 238 धावांत आटोपला. मग महाराष्ट्राकडून कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले आणि बादच होईनात. भांडारकरांबरोबर त्यांनी 455 धावांची भागी केली. महाराष्ट्र 4 बाद 826, निंबाळकर नाबाद 443. ब्रॅडमनचा विक्रम होता 452 चा. म्हणजे दहा धावा आणखी हव्या होत्या, फक्त दहा. पण मध्यंतरात काठेवाडच्या कप्तानांनी, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढं खेळायला नकार दिला, सामना सोडून दिला आणि संघ निघून गेला. निंबाळकरांना नंतर एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. तो 443 चा आकडा मात्र आजही रणजीतला सर्वोच्च आहे.

पूना क्लबवर स्कोअरिंगला बसले की मला त्या दिवशीच्या स्कोअररची आठवण येते. आमच्या वहीत एका फलंदाजाला एकच ओळ असते. शतकवीर असला तर ती भरते, मग अक्षर बारीक करून वरच्या कडेला लिहायचं. 443 धावा कुठं बसवल्या असतील त्यानं? कागद कापून, खळ लावून वहीला पट्टी जोडली असेल. ती पान पान उलटून बघावी असं फार वाटतं.

आणि मुलाला जुनं नको असेल तर नोव्हेंबर 2022 घ्या. विजय हजारे करंडकात उत्तर प्रदेशाविरुद्ध आपल्या ऋतुराज गायकवाडनं एका षटकात सात षटकार मारले. ती ओव्हर मी घरी टीव्हीसमोर वही घेऊन लिहिली. एका चौकोनात सात वेळा सहा, त्यातला एक नो-बॉलच्या गोलात. बेरीज 43. तीनदा केली, कारण हात विश्वास ठेवायला तयार नव्हता. हा मुलगा पिंपरी-चिंचवडकडचा, महाराष्ट्राच्या टोपीत खेळणारा.

जिंकणाऱ्याच्याच मागं जायचं, हे मला मान्य नाही. 29 फेब्रुवारी 1996 ला मी नेहरू स्टेडियमवर होते. विश्वचषकाचा सामना, केनिया 166 वर सर्वबाद. लोक आले होते लाराला बघायला. लारा 8 वर गेला, वेस्ट इंडिजचा खेळ 93 वर आटोपला, आणि माझ्या शेजारचे सकाळपर्यंत केनियाचा एकही खेळाडू ओळखत नसलेले लोक ओडुंबेच्या नावानं ओरडत होते. त्या संध्याकाळी स्वारगेटपर्यंत चालत जाताना जे वाटलं, ते मुलालाही वाटावं असं मला मनापासून वाटतं. गहुंजेला रणजी सामना असेल तेव्हा एक दिवस त्याला घेऊन जा. मोकळ्या स्टँडमध्ये बसलं की बॅटचा आवाज ऐकू येतो आणि खेळाडू एकमेकांना मराठीत काय सांगतात तेही.

मराठी सिनेमा शुक्रवारी लागतो, मी पुढच्या रविवारी जाते तर उतरलेला. मराठी माणूसच बघत नाही, हे खरं का?
एक वाचक, हडपसर

अर्धं खरं. गेल्या महिन्यात मी बुधवारी साडेबाराच्या खेळाला गेले, थिएटरात मोजून पाच जणं. पण बुधवारी साडेबाराला नोकरदार येणार कसा? 2015 साली सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा मोक्याच्या वेळी दाखवायला सांगितलं आणि मोक्याची वेळ धरली दुपारी बारा ते रात्री नऊ. तिथंच घोटाळा झाला. संध्याकाळी सहानंतरचा एक खेळ मराठीला मिळायलाच हवा, याबाबत मी हटून बसणार. तुम्ही मात्र पुढच्या रविवारची वाट बघू नका. पहिल्या शनिवारी जा, तिकीटविक्रीचा आकडा तेव्हाचाच बघतात.

नातू पहिलीत आहे. पहिलीपासून हिंदी आली असती तर बिघडलं काय असतं? उगाच राजकारण झालं असं मला वाटतं.
एक आजोबा, विश्रांतवाडी

आजोबा, राजकारण झालं हे खरं. एप्रिल 2025 मध्ये निर्णय आला, 29 जूनला मागं घेतला गेला, 5 जुलैला वरळीत दोघं ठाकरे बंधू एका व्यासपीठावर दिसले. पण मी एकतीस वर्षं पहिली-दुसरी शिकवली, तेव्हा मी वर्गातलं सांगते.

माझ्या वर्गात बांधकामावरच्या मजुरांची मुलं असायची. एका वर्षी कन्नड बोलणारी एक मुलगी आणि हिंदी बोलणारा एक मुलगा शेजारी बसत. मुलीला ‘ळ’ पहिल्याच दिवशी आला, कारण तो तिच्या घरातच होता. मुलगा दिवाळीपर्यंत ‘फळा’ला ‘फला’ म्हणायचा. मग त्या मुलीनंच त्याला जीभ मागं कशी वळवायची ते तोंड उघडून दाखवलं, आणि एका दुपारी तो ‘फळा, बाळ, कमळ’ म्हणत वर्गभर फिरला. सहा वर्षांच्या मुलाला एक लिपी, एक बाराखडी, एका भाषेतलं वाचन हाताशी यायला पुरं वर्ष लागतं. तीच लिपी, पण शब्द निराळे, लिंग निराळं, असं त्याच वयात समोर ठेवलं तर दोन्ही कच्चं राहतं. हिंदीशी माझं भांडण नाही. आपल्याकडे पाचवीपासून हिंदी शिकवत आलो आणि मुलं छान शिकली. तुमच्या नातवाला तोवर रोज एक पान मराठी मोठ्यानं वाचून दाखवा.

ताई, मी बारा वर्षांची आहे. 2 नोव्हेंबरला आपण वर्ल्ड कप जिंकलो तेव्हापासून मला स्कोअरर व्हायचंय. स्मृती मानधना माझी आवडती. सुरुवात कशी करू?
एक वाचक, बिबवेवाडी

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. स्मृती सांगलीची, महाराष्ट्राकडूनच खेळून वर आलेली, तेव्हा तुझा संघ ठरलेलाच आहे.

चौकटीची वही घे. एका षटकाला एक चौकोन, त्यात वर तीन आणि खाली तीन अशा सहा जागा. धाव नाही तर टिंब. सहाही टिंबं आली तर ती जोडून इंग्रजी एम काढायचा, ती मेडन. त्यात विकेट पडली तर डब्ल्यू. वाइडला अधिकचं चिन्ह, नो-बॉलला गोल. प्रत्येक षटकानंतर गोलंदाजाची बेरीज आणि फलंदाजांची बेरीज जुळवून बघ, अवांतर धरायला विसरू नकोस. जुळली नाही तर पुढच्या षटकाआधी चूक शोध, कारण दोन षटकांनंतर ती सापडत नाही. पेन्सिल नको, पेन वापर. गोलंदाज बदलला की रंग बदल.

रविवारी सकाळी जवळच्या मैदानावर जा आणि तिथल्या स्कोअररशेजारी बसायचं का म्हणून विचार. आम्ही नाही म्हणत नाही. फक्त षटक चालू असताना बोलायचं नाही, आणि पाण्याची बाटली वहीपासून लांब ठेवायची.