टर्मिनलवर कमांडची छोटी टिपणं ठेवायला कोणतं टूल चांगलं?

स्वतःची टिपणं लिहायची असतील तर 'चीट' घ्या, आयती हवी असतील तर 'टीएलडीआर'. मी दोन्ही वापरतो. 'चीट'ला मायनस ई आणि कमांडचं नाव दिलं की तुमच्या एडिटरमध्ये तिची फाईल उघडते. नसेल तर नवी तयार होते. फाईल साध्या टेक्स्टची, त्यामुळे गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) टाकून दुसऱ्या मशीनवर नेता येते. टार, फाइंड अशा कमांडचे ऑप्शन तिथेच लिहून ठेवा, ते पाठ करण्यात अर्थ नाही. 'टीएलडीआर'ची पानं स्वयंसेवक लिहितात आणि त्यात मोजकी, नेहमीची उदाहरणंच असतात. म्हणून फाइली पुसणारी किंवा हलवणारी कमांड असेल तर मॅन पेज (कमांडची सविस्तर माहिती देणारं पान) उघडाच: उदाहरणार्थ, फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकमध्ये सोर्स फोल्डरच्या नावाच्या शेवटी स्लॅश दिला तर फोल्डर न जाता फक्त आतला माल कॉपी होतो.