सर्व्हरवर ५०० आला तरी 'नोंदणी झाली' का दिसतं?

फॉर्ममध्ये ईमेलचा एकच रकाना, बटणाच्या क्लिकवर फेच (पान न बदलता सर्व्हरला विनंती पाठवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन). एंटर मारला की पान रिलोड होतं आणि सर्व्हरवर बिघाड होऊन ५०० हा एरर कोड आला तरी यशाचाच संदेश येतो, असं तुम्ही म्हणताय.

एंटरचं लगेच सुटेल. तुमच्या बटणाचा टाइप 'बटन' आहे. सबमिट बटण नसलं आणि मजकुराचा रकाना एकच असला, तर एंटरवर ब्राउझर स्वतःच फॉर्म पाठवतो. तुमच्या क्लिकचा तिथे संबंधच येत नाही. टाइप 'सबमिट' करा, फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर लिसनर (इव्हेंट घडला की चालणारं फंक्शन) लावा आणि त्यात पहिल्याच ओळीत प्रिव्हेंट-डिफॉल्ट, म्हणजे ब्राउझर स्वतःहून फॉर्म पाठवणार नाही. रकान्याला 'रिक्वायर्ड' लावलेलं असेल, तर रिकामा रकाना अडवणारं ब्राउझरचं व्हॅलिडेशनही मग फुकटात मिळतं.

खरी गोम दुसरीकडे आहे. सर्व्हरकडून उत्तर आलं, मग ते ४०४ असो की ५००, फेचच्या लेखी काम फत्ते. फेच जो प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची हमी) देतो, तो रिजेक्ट होतो म्हणजे फसतो तो नेटवर्क तुटलं, कॉर्सने (दुसऱ्या साइटवरचं उत्तर वाचण्यावरचा ब्राउझरचा निर्बंध) अडवलं किंवा तुम्हीच विनंती रद्द केली तर. म्हणून 'देन'मध्ये (प्रॉमिस फसला नाही तर चालणारा भाग) शिरलो म्हणजे झालं, असं धरू नका. आधी रिस्पॉन्सची 'ओके' प्रॉपर्टी तपासा; स्टेटस २०० ते २९९ असेल तरच ती ट्रू असते. ४२२ (भरलेली माहिती सर्व्हरला मान्य नाही) आला तर उत्तरातला जेसन (माहिती पाठवायचा मजकुरी साचा) वाचून चूक त्या रकान्याखालीच दाखवा. ५०० ला मात्र जेसन वाचायला जाऊ नका. बरेच सर्व्हर तेव्हा एचटीएमएलचं पान पाठवतात, पार्सर पहिल्याच कोनी कंसाला अडखळतो आणि कन्सोलमधली ती एरर पाहून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

प्रॉमिस फसल्यावर चालणाऱ्या कॅचमध्ये 'नोंदणी झाली नाही' असं लिहू नका. विनंती पोचून नोंद झालेली असू शकते, फक्त उत्तर वाटेत हरवलेलं असतं. 'उत्तर मिळालं नाही' एवढंच खरं. त्यावर लोक पुन्हा बटण दाबणारच, तेव्हा फॉर्मसोबत एक युनिक टोकन (त्या नोंदणीपुरता वेगळा ओळख-कोड) पाठवा आणि दुबार नोंद सर्व्हरवरच अडवा. नुसतं बटण डिसेबल करून हे थांबत नाही.

डिसेबल जरूर करा, पण क्रम सांभाळा. अख्खा फील्डसेट (रकान्यांचा गट) आधी डिसेबल करून मग फॉर्मडेटा (पाठवायच्या माहितीचा गठ्ठा) बनवलात तर तो रिकामा निघतो, कारण डिसेबल केलेले रकाने त्यात येतच नाहीत. नेम नसलेलेही येत नाहीत. परत चालू करणं 'फायनली'मध्ये ठेवा, तो भाग यश असो की अपयश, शेवटी चालतोच. आणि फॉर्मडेटा पाठवताना कंटेंट-टाइप हेडर हाताने लावलंय तेवढं काढा. त्यातली बाउंडरी (रकान्यांची माहिती वेगळी करणारी खूण) ब्राउझरच घालतो.